रुग्णासाठी मुनीम

जैन परंपरेने गृहस्थास सांगितलेल्या चार दानांत आहारदान, ज्ञानदान व अभयदान यांच्या जोडीस औषधदानाची गणना केलेली आहे, आणि या दानात आपल्या व्यापारी समाजाने कधी हात आखडता घेतला नाही, हे नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. रुग्णालयातील खाटा, पिण्याच्या पाण्याची यंत्रे, रुग्णवाहिका, धर्मशाळेतील खोल्या यांवर आपल्या बांधवांची नावे ठिकठिकाणी वाचावयास मिळतात. तथापि आज घरात आजार शिरला म्हणजे कुटुंब अडते ते केवळ खाटेवाचून अगर औषधावाचून असे नव्हे. ते अडते वाट ठाऊक नसल्यामुळे. प्रथम कोणाच्या दारी जावे, बरोबर कोणता कागद घ्यावा, कोणत्या कागदावर सही करावी आणि कोणत्यावर करू नये, हे सांगणारे माणूस घरात नसते, शेजारी नसते, आणि रुग्णालयातही बहुधा नसते. याच एका गोष्टीकडे सभासदबंधूंचे व त्यांच्या घरच्या मंडळींचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागाची अडचण इतरांहून थोडी निराळी आहे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले ते त्याच जुन्या प्रांतात. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर तिकडे गेले आणि आपण मराठी बोलणारे लोक इकडे राहिलो. सरहद्द नकाशावर पडली खरी, पण आजाऱ्याची वाट काही तिने बदलली नाही. जामसांवलीहून नागपूर सत्तरएक किलोमीटर, तर भोपाळ त्याच्या कितीतरी पट दूर. सबब छातीत कळ आली, पोर आचके देऊ लागले, सुनेचे बाळंतपण अडले, की गाडीचे तोंड सावनेरच्याच रस्त्याला लागते. छिंदवाड्यास २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु घाबरलेल्या माणसाचे पाय जुन्या सवयीनेच चालतात. आणि मग असे होते, की घरची बोली मराठी, सरकारी कागद हिंदी, दवाखान्याचा कागद इंग्रजी, कार्ड एका राज्याचे आणि खाट दुसऱ्या राज्यात.

बाजारात नवखा शेतकरी प्रथमच माल घेऊन येतो, तेव्हा त्याचे काय होते ते आठवावे. गाडी कोठे लावावी हे हमाल सांगतो; अडत्या त्यास गादीवर बसवून पाणी देतो; वानगी निघते, बोली होते, काट्यावर माप होते, आणि शेवटी हाती पट्टी पडते, तीत भाव, वजन, हमाली, अडत सारे निरनिराळे मांडलेले असते. त्यात कोणी लबाडी करीत नाही असे आमचे म्हणणे नाही. पण लबाडी झाली तर ती पट्टीवर बोट ठेवून दाखविता येते. याउलट मोठ्या रुग्णालयात शिरलेल्या कुटुंबाची स्थिती पाहावी. एका खिडकीवर नोंदणी, दुसरीवर अनामत, तिसऱ्या मजल्यावर रक्त, तळघरात एक्स-रे. जो तो घाईत असतो, आणि त्यांची घाई खोटी नसते. जो डॉक्टर बोलतो तो दुसऱ्या दिवशी दिसत नाही; जो दिसतो त्यास कालचे ठाऊक नसते. पोत्यात परखी घातल्यावाचून एक क्विंटल तूर न उचलणारा आपला सभासद तेथे मात्र आठ पानी संमतिपत्रावर न वाचता सही करून मोकळा होतो. त्यास दोष देता येत नाही. आतल्या खोलीत त्याचे माणूस निजलेले असते.

गतवर्षांतील एका घटनेचे स्मरण दिल्यावाचून हा विषय पुढे नेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या परासिया भागातील लहान मुले सर्दी-तापाच्या साध्या दुखण्यानंतर लघवी बंद होऊन दगावू लागली. मृतांची संख्या वीसाच्या पुढे गेली. बैतूल व पांढुर्णा जिल्ह्यांतील बालकेही त्यांत होती. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाच्या एका घाण्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के इतके निघाले. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या राज्याने त्या औषधावर बंदी घातली. अपराध कोणाचा, हे न्यायालय ठरवील. आमच्या मनास जी गोष्ट लागून राहिली ती निराळीच आहे. ती कुटुंबे स्वस्थ बसलेली नव्हती. त्यांनी गावचा डॉक्टर गाठला, मग छिंदवाडा गाठले, मग नागपूर गाठले; कोणी दागिना मोडला, कोणी वाहन विकले. प्रत्येक दारी त्यांनी पहिल्यापासून हकीकत सांगितली, आणि प्रत्येक दारी ती एकाच घराची हकीकत म्हणून ऐकली गेली. ती सारी एकत्र जुळून संशय औषधाच्या बाटलीकडे वळेपर्यंत दिवस निघून गेले. मूत्रपिंडाच्या दुखण्यात दिवसांचे मोल काय असते, ते आता आपल्या भागातील कोणास सांगावयास नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, सबंध महाराष्ट्र हळहळला; तरी तेच विष चाळीस वर्षांनी पुन्हा बाटलीत आले.

आमच्या धंद्यात पोत्यावर खूण असते, बिल्टीवर आकडा असतो. माल बिघडला तर तो कोणत्या गाडीतून उतरला हे सायंकाळपर्यंत कळते. औषधाच्या बाटलीवरही घाण्याचा क्रमांक, तयार झाल्याची तारीख आणि कारखान्याचे नाव छापलेले असते. पण आपण ती बाटली संपताच कचऱ्यात टाकतो आणि औषधाचे बिल मागत नाही, कारण दुकानदार ओळखीचा असतो. आमची घरोघरच्या भगिनींस विनंती आहे की, घरात लहान मूल असेल तर दुखणे पूर्ण बरे होईपर्यंत प्रत्येक बाटली, प्रत्येक चिठ्ठी व प्रत्येक बिल एका पिशवीत जपून ठेवावे, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ती पिशवीच पुढे करावी. शिवाय सर्दीच्या ज्या जोड-औषधांवर चार वर्षांखालील मुलांस देऊ नये असे छापलेले असते, तेथे शेजारणीच्या अनुभवावर विसंबू नये.

आता कार्डाविषयी. केंद्र सरकारची आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार तीत मिळतो, आणि आपल्या दृष्टीने मुख्य गोष्ट ही, की हे कार्ड राज्याची सरहद्द ओलांडून चालते. महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतिराव फुले योजना तेथील रहिवाशांसाठी आहे, ती आपणांस मिळावयाची नाही. आयुष्मानचे कार्ड मात्र नागपुरातही लागू आहे. पण कोणत्या रुग्णालयात? जे यादीत आहे त्यात, आणि तेथेही ज्या रोगाच्या विभागासाठी ते यादीत आहे त्यातच. हाडांसाठी नाव असलेल्या ठिकाणी हृदयाचा रुग्ण घेऊन गेल्यास कार्ड खिशातच राहते. ही चौकशी १४५५५ या क्रमांकावर घरून निघण्यापूर्वी करता येते. आमच्या पाहण्यात शंभरात पाच माणसेही ती करीत नाहीत. नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीस हे कार्ड चालत नाही, हेही पुष्कळांस तेथे गेल्यावर कळते.

आपल्या सभासदांपैकी कित्येक जण म्हणतील, हे गरिबांचे कार्ड, आमचा त्याशी काय संबंध? संबंध आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, मग त्याची उलाढाल कितीही असो, या योजनेत स्वतंत्र कार्ड मिळते. खाजगी विमा असला तरी मिळते. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ते वापरावे की न वापरावे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. मात्र आपल्या पेढीवर तीस-तीस वर्षे पोती वाहिलेल्या हमालाच्या आईबापांचे कार्ड झाले आहे काय, एवढी विचारपूस करण्यास मालकाचे काही खर्च होत नाही.

नावाचा एक घोटाळा तर खास आपल्या समाजाचा आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव 'जैन', आधारावर घराण्याचे आडनाव, समग्र आयडीत तिसरेच काही, आणि विम्याच्या कागदावर एजंटाने ऐकले तसे. एरवी यावाचून काही अडत नाही. पण रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या खिडकीवरचा मुलगा चार कागद पुढे मांडून विचारतो, की ही चार माणसे की एकच? दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी जसे आपण जुने खाते तपासतो, तसे त्याच दिवशी घरातील प्रत्येकाचे कागद एकत्र मांडून नावे जुळवून पाहावीत. हे काम दुखण्यात होत नाही, सुखातच होते.

विम्याची कथा याहून लांब आहे. धान्याच्या सौद्यात कडता किती, तूट किती, हे आधी ठरवून घेणारे आपण विमा घेताना मात्र हप्ता किती एवढेच विचारतो. खोलीभाड्याची मर्यादा हे कलम किती जणांनी वाचले आहे? समजा, मर्यादा दिवसाला ४,००० रुपयांची आहे आणि प्रतिष्ठेस शोभेल म्हणून आपण ८,००० ची खोली घेतली. पुष्कळ पॉलिसींत खोलीचे वरचे ४,००० कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे इत्यादी ज्या रकमा खोलीच्या दर्जाशी बांधलेल्या असतात, त्याही त्याच प्रमाणात निम्म्यावर येतात. असा कडता आमच्या बाजारात कोणी लावील तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी गाडी उभी राहणार नाही! आणि हे कलम छापलेले असते, ही त्यातील खरी गंमत. तीच गोष्ट मधुमेह व रक्तदाब लपविण्याची. हप्ता थोडा कमी पडावा म्हणून एजंट म्हणतो, लिहू नका. आपण लिहीत नाही. आणि तीन वर्षांनी तेच न लिहिलेले कंपनीच्या पत्रात लिहून येते. वास्तविक २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा कमाल तीन वर्षांवर आली आहे, म्हणजे खरे लिहून थांबणे आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रोकडरहित उपचाराची मंजुरी कंपनीने तासाभरात कळवावी, आणि घरी सोडतेवेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. तेव्हा 'कंपनीचा निरोप आला नाही' म्हणून संध्याकाळपर्यंत खोलीचे भाडे वाढत असेल, तर हा नियम नम्रपणे, पण लेखी, पुढे करावा. दावा अन्यायाने नाकारला तर भोपाळ येथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे वकील लागत नाही व फीही नाही. कंपनीकडे तक्रार करूनही समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत तेथे अर्ज करावा लागतो. हे वर्ष बहुतेक घरांत संतापण्यात निघून जाते.

उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णास मिळावीत, हा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ सालीच केलेला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे तर हे कागद हाती हवेत. दुसरे मत घेतले तर पहिल्या डॉक्टरांस राग येईल, ही भीती आपल्याकडे फार. परंतु दोन व्यापाऱ्यांस वानगी दाखविल्याने कोणता अडत्या रुसतो?

येथे एका नाजूक गोष्टीचाही उल्लेख करावयास हवा. रुग्ण पाठविल्याबद्दल पाठविणाऱ्यास हिस्सा देण्याघेण्याची चाल वैद्यकीय नीतिनियमांत निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ साली तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला होता, तो कायदा मात्र झाला नाही. दलाली ही आम्हांस नवी नाही आणि आम्ही तिला पापही समजत नाही, कारण ती पट्टीवर उघड लिहिलेली असते. जी लिहिलेली नसते तिच्याविषयी मात्र सावध असावे. सर्वच डॉक्टरांस या तराजूत घालणे अन्यायाचे होईल. रात्री-अपरात्री उठून फी न घेता तपासणारे डॉक्टर आम्ही याच भागात पाहिले आहेत.

आता थोडे जामसांवलीविषयी. मंगळवार-शनिवारी येथील निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास जे लोक येतात, त्यांत आजारी माणसे घेऊन आलेली कुटुंबे पुष्कळ असतात, आणि त्यांतही मनाच्या दुखण्याची अधिक. कित्येक येथे मुक्काम करून राहतात. त्यांच्या श्रद्धेची चेष्टा करणे आमच्या मनात नाही. आपल्यापैकीही अनेकांच्या गाड्या त्या पिंपळापाशी थांबल्यावाचून नागपुरास जात नाहीत. आम्हांस तेथे नेहमी एक विशेष दिसते. प्रथमच आलेल्या माणसाला पायताण कोठे काढावे, रांग कोठून लागते, प्रसाद कोठे मिळतो, रात्री कोठे निजावे, हे कोणीही अनोळखी माणूस न विचारता सांगतो. त्या कुटुंबास तेथे दिलासा मिळतो तो देवाचा असेल, पण त्यातील थोडासा या सांगणाऱ्यांचाही असतो. मग त्याच आवारालगत, मंडळाच्या खर्चाने, त्या दोन दिवशी एक मेज मांडून दुसरीही वाट दाखविता येणार नाही काय? मनाच्या दुखण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी सरकारने चालू केला आहे. नागपुरास प्रादेशिक मनोरुग्णालय फार जुने आहे. आणि २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांस शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाचा आजारही विम्यात धरणे भाग पाडले आहे. दर्शन घेऊन आलेल्या बापास एवढे तीन ओळींत सांगितले तर त्याच्या श्रद्धेत काही उणे होत नाही. पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, तेव्हा डॉक्टर, खाटा व रुग्णवाहिका आधीपासून सज्ज ठेवतात, कारण डोकी फुटण्याची तिथी पंचांगात ठरलेली आहे. इतर दुखणी तिथी सांगून येत नाहीत, एवढाच काय तो फरक.

एवंच आमची सूचना अशी. पेढीस जसा मुनीम असतो, तसा एक मुनीम रुग्णांसाठी मंडळाने ठेवावा. मराठी, हिंदी व इंग्रजी वाचणारा आपल्या भागातील एखादा पदवीधर तरुण, किंवा अधिक बरे म्हणजे तरुणी, कारण घरातील स्त्रियांची दुखणी पुरुषांच्या कानी फार उशिरा पडतात. कार्डे काढून देणे, नावे जुळविणे, कोणत्या रुग्णालयात कोणता विभाग यादीत आहे हे आधी विचारून ठेवणे, विम्याचे कलम समजावून सांगणे, नागपुरास पहिल्या दिवशी बरोबर जाणे, घरी सोडल्यावर कागदांची पिशवी तपासणे, हे त्याचे काम. आपल्या व्रतस्थ वडीलधाऱ्यांसाठीही त्याने डॉक्टरांशी बोलावे. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्या मधुमेही वृद्धास संध्याकाळी इन्सुलिन टोचले तर रात्री साखर घसरण्याचा धोका असतो. कॅप्सूलचे वेष्टन कशाचे, हा प्रश्न मनात ठेवून औषध उशाखाली दडविणाऱ्या आजी प्रत्येक घरात आहेत. डॉक्टरांस आधी सांगितले तर वेळ व औषध बदलून देता येते. न सांगितले तर दोष औषधावर जातो.

यावर आक्षेप येतील. पहिला हा, की आपल्यापैकी प्रत्येकाचा नागपुरात कोणी तरी अडत्या, व्याही, मेहुणा आहे. एक फोन केला की काम होते. होते, हे खरे. पण ओळखीचा माणूस आपणांस त्याच्या ओळखीच्या ठिकाणी नेतो, आजारास योग्य अशा ठिकाणी नेतोच असे नाही. शिवाय ही ओळख आपली आहे. आपल्या दिवाणजीची, हमालाची, उधारीवर माल नेणाऱ्या खेड्यातील किराणा दुकानदाराची नाही. दुसरा आक्षेप, की सरकारने रुग्णालयांत आयुष्मान मित्र नेमले आहेत. ते रुग्णालयाच्या दाराच्या आत असतात; अडचण आपल्या उंबरठ्यावर सुरू होते. खेड्यातील शेतमजुराच्या पत्नीस आशा कार्यकर्ती हाताला धरून बाळंतपणास नेते, आणि लाखांची उलाढाल करणाऱ्या व्यापाऱ्याची सून मोटारीत बसून कोठे जावे याचा विचार करीत असते. हा विरोधाभास आम्हांस पुष्कळदा दिसला आहे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जाणार नाही, म्हणून तो आम्हीच बोलतो. घरचे दुखणे बाहेर जाईल, ही ती धास्ती. मुलीची सोयरीक जुळावयाची आहे आणि घरात कोणास क्षय, अपस्मार वा मनाचा विकार आहे हे चार गाद्यांवर झाले, तर काय, या विचाराने किती तरी घरांनी उपचार लांबविले आहेत. ही धास्ती पोकळ नाही. म्हणून पहिली अट अशी असावी, की एका पेढीची उधारी दुसऱ्या पेढीवर बोलणाऱ्या मुनिमास आपण जसे त्याच दिवशी रजा देतो, तसेच येथेही करावे. त्याच्या नोंदवहीत नाव नसावे, क्रमांक असावा, आणि ती वही अध्यक्षांनीही मागू नये. दुसरी अट, कोणत्याही रुग्णालयाकडून, औषधाच्या दुकानाकडून वा तपासणी केंद्राकडून त्याने चहाचा पेलाही घेऊ नये.

खर्चाचे गणित सरळ आहे. महिना २५,००० रुपये धरले तर वर्षाचे तीन लाख, जाण्यायेण्याचे व दूरध्वनीचे निराळे. एका खोलीच्या बांधकामापेक्षा हे अधिक नाही. फक्त या खर्चावर संगमरवरी पाटी बसविता येत नाही, ही त्याची उणीव आम्ही मान्य करतो. अंतरंग तपांच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य, म्हणजे आजारी साधूची सेवा, गणलेली आहे. तिलाही पाटी नसते.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी लेखी सूचना आम्ही चिटणीसांकडे दिलेली आहे. पहिल्या वर्षाच्या पगारापैकी तीन महिन्यांचा भार आमची पेढी उचलील. उरलेल्या नऊ महिन्यांसाठी नावे हवी आहेत. ती सभेपूर्वी चिटणीसांकडे नोंदवावीत.